दोनशे एकाहत्तर सामन्यांचा मोसम

२०२२ च्या मोसमासाठी अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, २७२ साखळी सामन्यांचं वेळापत्रक जाहीर केलं होतं. झाले २७१. राहिलेला सामना २ जानेवारी २०२३ च्या सोमवारी रात्री सिनसिनाटीत सुरू झाला आणि पहिलं सत्र संपायच्या आतच थांबला. बफेलो बिल्सचा चोवीस वर्षांचा बचावपटू डमार हॅमलिन याने सिनसिनाटी बेंगल्सच्या टी हिगिन्सला अडवलं. तसं पाहिलं तर टक्कर नेहमीचीच होती. हॅमलिन उठून उभा राहिला, आणि दुसऱ्याच क्षणी मागे कोसळला. हृदय बंद पडलं होतं. संघाचा सहायक ट्रेनर डेनी केलिंग्टन याने मैदानावरच त्याची छाती दाबायला सुरुवात केली, विजेचे धक्के दिले गेले, आणि रुग्णवाहिका आत येईपर्यंत दोन्ही संघांचे खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले. काही गुडघ्यांवर होते, बरेच रडत होते.

प्रक्षेपणात सांगितलं गेलं की खेळाडूंना पुन्हा अंग गरम करायला पाच मिनिटं दिली आहेत. लीगने नंतर हे साफ नाकारलं. खरं काय ते त्यांनाच ठाऊक. पण ती बातमी ऐकून कोणालाही आश्चर्य वाटलं नाही, आणि लीगने खरं तर त्याची चिंता करायला हवी होती. शेवटी दोन्ही प्रशिक्षक आणि खेळाडूंनी आपापल्या खोल्यांची वाट धरली आणि तासाभरानंतर सामना पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. तीन दिवसांनी तो रद्दच झाला.

आणि पुढे? काहीही बिघडलं नाही. बिल्स आणि बेंगल्स सोळा-सोळा सामने खेळून बाद फेरीत पोहोचले, बाकीचे तीस संघ सतरा-सतरा खेळले. कोणावर अन्याय नको म्हणून संघमालकांनी घाईघाईत नियम केला की बिल्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स यांच्यात त्यांच्या परिषदेचा, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी त्यांच्या गटाचा, अंतिम सामना झालाच तर तो तटस्थ ठिकाणी, अटलांटात होईल. तशी वेळच आली नाही, कारण बेंगल्सनी बर्फात जाऊन बिल्सना २७-१० असं हरवलं. फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, ठरल्या तारखेला झाला. एक सामना कमी पडला म्हणून त्या वर्षीचं विजेतेपद अपुरं आहे, असं आजवर कोणी म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही.

एनएफएलला आता साखळीत प्रत्येक संघामागे अठरावा सामना हवा आहे. तो देऊ नये असं माझं मत आहे, आणि त्याची बहुतेक कारणं मला याच २०२२ च्या मोसमात सापडतात.

आधी मालकांचा युक्तिवाद पाहू, कारण तो दिसायला बिनतोड आहे. ते म्हणतात, एकूण सामने वाढतच नाहीत. आज सतरा साखळी सामने आणि तीन सरावाचे, असे वीस. उद्या अठरा आणि दोन, म्हणजे पुन्हा वीसच. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी २०२४ मध्ये उघडच सांगितलं की सरावाच्या सामन्याऐवजी खरा सामना त्यांना कधीही पसंत आहे. वर असंही सुचवलं की मोसम लांबला तर सुपर बोल प्रेसिडेंट्स डेच्या जोडसुट्टीत येईल, सोमवारी लोकांना कामावर जावं लागणार नाही. प्रेक्षकांच्या झोपेची एवढी काळजी वाहणारी संस्था विरळाच.

हा वीसचा आकडा जुना आहे. १९७७ पर्यंत चौदा साखळी सामने आणि सहा सरावाचे होते. १९७८ मध्ये सोळा आणि चार झाले. २०२१ मध्ये सतरा आणि तीन. बेरीज तीच राहिली, आतला माल मात्र बदलत गेला. सरावाच्या सामन्यांत मुख्य खेळाडू फार तर दोन-चार चाली खेळतात, कित्येक जण गणवेशच चढवत नाहीत. तिथे मैदानावर असतात ती संघात जागा मिळावी म्हणून धडपडणारी पोरं, ज्यांना निवडप्रक्रियेत कोणीच घेतलेलं नसतं. म्हणजे सरावाचा एक सामना काढून खरा सामना घातला की दोन गोष्टी एकदम होतात: ज्यांची शरीरं आधीच झिजलेली आहेत त्यांच्यावर आणखी एका पूर्ण सामन्याचा भार पडतो, आणि ज्यांना स्वतःला दाखवायची एकमेव संधी होती त्यांची ती संधी एका सामन्याने घटते. याला ‘बेरीज तीच’ म्हणायचं असेल तर हिशेब तपासनिसाने नोकरी सोडलेली बरी.

आता डोक्याकडे येऊ. हॅमलिनचं हृदय साऱ्या देशाने पाहिलं. त्याच मोसमात त्याआधी तीन महिने एक डोकं पाहिलं होतं आणि विसरूनही टाकलं होतं. २५ सप्टेंबर २०२२ ला मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू, टुआ टागोवायलोआ याचं डोकं बिल्सविरुद्धच्या सामन्यात जमिनीवर आपटलं. उठून चालायला लागला तर तोल जाऊन गुडघ्यावर आला, सहकाऱ्यांनी धरलं. मैदानावर बसलेल्या कोणालाही, टीव्हीसमोर बसलेल्या कोणालाही जे दिसलं ते संघाला पाठीचं दुखणं वाटलं. दुसऱ्या अर्धात तो पुन्हा खेळायला आला. चारच दिवसांनी, गुरुवारी रात्री, सिनसिनाटीतल्या त्याच मैदानावर तो पुन्हा आपटला. त्याची बोटं चेहऱ्यासमोर वाकडी होऊन ताठरली, मेंदूला जबर धक्का बसल्याची ती खूण, आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं.

लीग आणि खेळाडू संघटना यांनी मिळून चौकशी केली. निष्कर्षाचा मथितार्थ असा: नियमाचं शब्दशः पालन झालं, पण नियम करताना जे अभिप्रेत होतं ते घडलं नाही. त्याला तपासणाऱ्या तटस्थ मेंदूतज्ज्ञाला संघटनेने काढून टाकलं. तोल जाणं हे लक्षण दिसलं की खेळाडूला परत पाठवायचं नाही, अशी दुरुस्ती झाली. सुधारणा चांगलीच होती. मग त्याच वर्षी नाताळच्या दिवशी टुआला पुन्हा मेंदूला धक्का बसला आणि ते सामना संपेपर्यंत कोणाच्या लक्षातच आलं नाही. तो शेवटपर्यंत खेळला, दुसऱ्या दिवशी निदान झालं. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा एका टकरीत आडवा झाला. समोरचा खेळाडू होता डमार हॅमलिन. कथाकाराने रचलं असतं तर संपादकाने योगायोग फार झाला म्हणून परत पाठवलं असतं.

पण हे दोन्ही प्रसंग, टुआचा आणि हॅमलिनचा, एका अर्थाने दिशाभूल करणारे आहेत. ते दिसतात. कॅमेरा त्यांच्यावर जातो, मैदान शांत होतं. या खेळातलं खरं नुकसान कॅमेऱ्याला दिसत नाही. आघाडीच्या फळीतले लाइनमन, दीडशे किलोच्या आसपासचे हे गडी, जवळजवळ प्रत्येक चालीला समोरच्यावर आदळतात. त्यातल्या एकाही टकरीने कोणी बेशुद्ध पडत नाही. समालोचक त्यांचं नावही घेत नाही. एका सामन्यात एका संघाच्या साठ-पासष्ट चाली होतात, मोसमात हजाराच्या घरात. डोकं रोज थोडं थोडं हलतं.

माइक वेब्स्टर याच जागी खेळायचा. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, म्हणजे या फळीतला मधला गडी, चार सुपर बोल जिंकलेला. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, घर गेलं, काही काळ तो गाडीत झोपायचा. २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. पिट्सबर्गच्या शवागारात त्याचा मेंदू तपासला तो नायजेरियात जन्मलेल्या बेनेट ओमालू या डॉक्टरने. त्याला त्यात जे सापडलं ते मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत पूर्वी दिसलेल्या विकाराशी जुळणारं होतं. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई. २००५ मध्ये त्याचा शोधनिबंध आला आणि लीगच्या मेंदू-इजा समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. त्या समितीचा कित्येक वर्षांचा अध्यक्ष संधिवाताचा डॉक्टर होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.

२०११ मध्ये माजी खेळाडू डेव्ह ड्युअरसनने आत्महत्या केली. गोळी छातीत झाडून घेतली, आणि आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा असा निरोप मागे ठेवला. पुढच्या वर्षी आणखी एक माजी खेळाडू, ज्युनिअर सिआऊ, यानेही छातीत गोळी झाडून घेतली. २०१६ मध्ये लीगच्या अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीसमोर पहिल्यांदा मान्य केलं की फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे. दरम्यान माजी खेळाडूंच्या दाव्यांवर न्यायालयात तडजोड झाली होती. त्यातून आजवर एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली गेली. त्या तडजोडीतही एक बारीक अक्षरातली गोष्ट होती. स्मृतिभ्रंश किती झाला हे मोजताना कृष्णवर्णीय खेळाडूची मूळची बौद्धिक पातळीच कमी धरायची, म्हणजे घसरण लहान दिसते आणि भरपाई मिळणं अवघड होतं. लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. २०२० मध्ये दोन माजी खेळाडू न्यायालयात गेले, गवगवा झाला, तेव्हा कुठे ही पद्धत बंद झाली. हिशेब कोणी आणि कसा मांडावा हा प्रश्न या लीगच्या बाबतीत का विचारावा लागतो, त्याचं उत्तर या एका कलमात आहे.

बॉस्टन विद्यापीठाच्या अॅन मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जाहीर केलं की त्यांच्याकडे आलेल्या एनएफएल खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई होता. २०२३ पर्यंत ही संख्या ३७६ पैकी ३४५ वर गेली. या आकड्यांवर मालकांचे वकील एक आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे: मेंदू दान करणारी कुटुंबं बहुतेक लक्षणं पाहिलेलीच असतात, तेव्हा हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येणार नाही. संशोधक स्वतःच हे दर वेळी सांगतात. शिवाय जिवंतपणी या रोगाचं पक्कं निदान अजून होत नाही. मान्य. पण माझा मुद्दा या टक्केवारीवर उभाच नाही. त्याच मंडळींनी फुटबॉल खेळलेल्यांच्या मेंदूंची आपापसात तुलना केली तेव्हा दिसलं की खेळाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे सीटीई असण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. २०२३ मध्ये आणखी एक निबंध आला, ६३१ मेंदूंवरचा: निदान झालेल्या धक्क्यांची संख्या फारसं काही सांगत नाही, डोक्यावर आयुष्यभरात एकूण किती मार, किती जोराने बसला, त्यावरून रोगाचा अंदाज अधिक चांगला येतो.

याचा अर्थ सरळ आहे. जो धोका बेरजेने वाढतो, त्यात एक सामना वाढवणं म्हणजे धोका वाढवणंच. सुरक्षिततेवर इतका खर्च केल्याचं सांगणाऱ्या लीगने या वाक्याचं उत्तर द्यायला हवं, आणि ते अजून दिलेलं नाही. ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देते. २०२४ च्या मोसमात मेंदूला धक्का बसल्याची १८२ प्रकरणं नोंदली गेली, आधीच्या वर्षापेक्षा १७ टक्के कमी, २०१५ पासूनची सर्वांत कमी. नवी हेल्मेट, वरून घालायच्या मऊ टोप्या, सुरुवातीच्या किकचा बदललेला नियम यांचं हे फळ आहे आणि त्याबद्दल लीगला शाबासकी द्यायला माझी ना नाही. पण हा आकडा निदान झालेल्या धक्क्यांचा आहे. मूक, रोजच्या, कोणत्याही कागदावर न येणाऱ्या टकरींचा नाही. दार भक्कम केलं म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही.

टकरींची बेरीज कमी करता येते, हेही आता माहीत आहे. २०११ च्या करारात खेळाडू संघटनेने मालकांशी भांडून एक गोष्ट पदरात पाडली: साखळी मोसमात पूर्ण चिलखत घालून, अंगावर जाऊन करायचे सराव फक्त चौदा. त्याआधी प्रशिक्षक मन मानेल तसा रगडा देत. या एका कलमाने खेळाडूंच्या डोक्यांसाठी जितकं केलं, तितकं कुठल्या हेल्मेटने केलं असेल का याची मला शंका आहे. आणि त्यामुळे रविवारच्या सामन्याचा दर्जा खालावल्याची तक्रार तिकीट काढून बसलेल्या कोणी केल्याचं आठवत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, खेळाडू सज्ञान आहेत, कोट्यवधी कमावतात, त्यांची संघटना आहे, सतरावा सामना त्यांनी मतदान करूनच स्वीकारला. केलं होतं खरं मतदान. मार्च २०२० मध्ये करार १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी मंजूर झाला. साठ मतांचा फरक. जे. जे. वॉट, रिचर्ड शेरमन, अॅरन रॉजर्स यांच्यासारखे नामवंत विरोधात होते. मग बाजूने कोण होतं? संघटनेच्याच हिशेबाने एनएफएलमधली सरासरी कारकीर्द तीन-सव्वातीन वर्षांची असते. त्या करारात किमान पगार एका फटक्यात ५ लाख १० हजारांवरून ६ लाख १० हजार डॉलर झाला. पुढच्या वर्षी आपण संघात असू की नाही याची खात्री नसलेल्या पोरापुढे हे ताट ठेवलं, की तो दहा वर्षांनंतरच्या स्मृतीचा विचार करणार नाही. मीही केला नसता. त्याची संमती खोटी होती असं मी म्हणत नाही. ती अशा ठिकाणी उभं राहून दिलेली होती की जिथून दूरचं दिसत नाही, आणि त्याला तिथे उभं करणारी व्यवस्था मालकांची आहे.

हॅमलिनचंच पाहा. तो २०२१ मध्ये निवडप्रक्रियेच्या सहाव्या फेरीत निवडला गेलेला, दुसऱ्या वर्षातला खेळाडू. त्याच्या करारात एक अट होती: जखमी यादीत गेलास तर ८ लाख २५ हजारांऐवजी ४ लाख ५५ हजार डॉलरच्या दराने पगार. म्हणजे मैदानावर हृदय बंद पडलेल्या माणसाचा पगार कायद्याने जवळजवळ निम्मा करता आला असता. सगळा देश पाहत होता, तेव्हा संघाने पूर्ण पगार दिला. निवृत्तिवेतनाचा हक्क लागायला तीन मोसम भरावे लागतात. त्याचा तर दुसराच मोसम चालू होता. त्याने लहान मुलांना खेळणी वाटण्यासाठी अडीच हजार डॉलर जमवायचं म्हणून पूर्वी उघडलेल्या निधीत लोकांनी त्या आठवड्यात ८० लाख डॉलरहून जास्त पैसे ओतले. लोक मोठ्या मनाचे असतात. पण कॅमेरा नसलेल्या सराव मैदानावर गुडघा मोडून घेतलेल्या, तळाच्या करारावरच्या खेळाडूसाठी अशी रांग लागत नाही, आणि त्याच्या कराराची अट शब्दशः अमलात येते.

बरं, मालकांना पैशाची चणचण आहे का? ग्रीन बे पॅकर्स हा एकमेव संघ लोकांच्या मालकीचा असल्यामुळे त्याचे हिशेब जाहीर होतात, आणि त्यातून बाकीच्या एकतीस जणांची झाकली मूठ थोडी उघडते. टीव्हीचे आणि इतर राष्ट्रीय करारांचे पैसे बत्तीस संघांत समान वाटले जातात. २०२४ च्या मोसमाचा पॅकर्सचा वाटा होता ४३.२६ कोटी डॉलर. त्याच वर्षी एका संघाने खेळाडूंच्या पगारावर करायच्या खर्चाची कमाल मर्यादा होती २५.५४ कोटी डॉलर. विमा, निवृत्तिवेतन वगैरे वेगळे धरले तरी हिशेब सुटतो: एकही तिकीट न विकता, एकही बियरचा ग्लास न भरता, सगळ्या खेळाडूंचा खर्च भागून वर कोट्यवधी उरतात. २०२१ मध्ये केलेले टीव्हीचे करार अकरा वर्षांचे आणि सुमारे ११० अब्ज डॉलरचे. गुडेल यांनी फार पूर्वी २०२७ पर्यंत वर्षाला २५ अब्जांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. अठरावा सामना या उद्दिष्टांच्या रांगेतला पुढचा क्रमांक आहे, गरज नव्हे.

मला हा खेळ आवडत नाही असा समज होऊ नये. त्या वर्षीचा सुपर बोल मी डोळ्याची पापणी न लवता पाहिला. १२ फेब्रुवारी २०२३, अॅरिझोनातलं ग्लेंडेल. दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असण्याची सुपर बोलच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. एकेकाळी याच लीगमध्ये ती जागा गोऱ्यांच्या डोक्यांसाठी राखलेली समजत. फिलाडेल्फिया ईगल्सच्या जेलन हर्ट्सने स्वतः धावत तीन टचडाउन केले, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला, आणि एकदा हातातून चेंडू निसटला तो चीफ्सच्या निक बोल्टनने उचलून थेट टचडाउनसाठी नेला. मध्यंतराला ईगल्स २४-१४ असे पुढे. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याचा तीन आठवड्यांपूर्वी दुखावलेला घोटा मध्यंतराच्या आधी पुन्हा मुरगळला, तो लंगडत बाहेर गेला आणि दुसऱ्या अर्धात परत येऊन त्याच पायावर असा धावला की त्याच्या घोट्याऐवजी माझाच दुखायला लागला. शेवटी ३५-३५. मग ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीने प्रतिस्पर्ध्याला धरल्याचा वादग्रस्त निर्णय (ब्रॅडबेरीने नंतर कबूल केलं की धरलं होतं), समोर गोलरेषा मोकळी असताना वेळ खाण्यासाठी तिच्या जरा अलीकडे मुद्दाम बसलेला चीफ्सचा मॅकिनन, आणि आठ सेकंद उरलेली असताना हॅरिसन बटकरची किक. चीफ्स ३८-३५. अमेरिकेत ११ कोटींहून अधिक लोकांनी तो सामना पाहिला. सामन्याआधी हॅमलिन आणि त्याचा जीव वाचवणारे वैद्यकीय कर्मचारी मैदानावर येऊन सन्मान घेऊन गेले.

या सामन्याला धार कुठून आली? मोसम छोटा असतो म्हणून. बेसबॉलचा संघ वर्षाला १६२ साखळी सामने खेळतो. एक मंगळवार हरला तर कोणाचं काही जात नाही. फुटबॉलमध्ये सतराच रविवार. ईगल्स आणि चीफ्स दोघेही १४-३ होते, त्या तीन पराभवांपैकी प्रत्येकावर आठवडाभर चर्चा झाली होती. दुर्मीळ आहे म्हणून किंमत आहे, हे ज्यांनी विकून विकून शिकलं तेच आता ते सैल करायला निघाले आहेत. शिवाय लांबलेल्या मोसमाच्या अखेरीला मैदानावर कोण उरतं हाही प्रश्न आहे. जानेवारीत राखीव क्वार्टरबॅकचे सामने पाहिलेल्याला मी काय म्हणतो ते कळेल. माहोम्सचा घोटा टिकला, ही गोष्ट सांगायला छान आहे. ज्यांचे टिकले नाहीत त्यांच्या गोष्टी होत नाहीत.

न्यू जर्सीत आम्ही मराठी मंडळी दर फेब्रुवारीत कोणाच्या तरी घरी जमतो. जायंट्स आणि जेट्स दोघांचंही मैदान आमच्याच राज्यात, ईस्ट रदरफोर्डला, त्यामुळे घराघरांत निष्ठा वाटलेल्या आहेत. बटाटेवडे आणि चिकन विंग्ज एकाच टेबलावर असतात. या घरांतली मुलं टेनिस खेळतात, पोहतात, वीकेंडला क्रिकेट अकादमीत जातात. हेल्मेट घालून टकरा देणारा फुटबॉल खेळायला मुलाला शाळेच्या संघात घालणारे पालक मला तरी भेटले नाहीत. कोणी विचारलंच तर उत्तर तयार असतं: डोक्याला लागलं तर? प्रश्न अगदी योग्य आहे. दुसऱ्या कोणाच्या तरी पोराचं डोकं असेल तर मात्र आपण आणखी एक सामना आनंदाने पाहू, असं त्याच माणसाने म्हणावं हे मला पटत नाही.

आणि ही केवळ अमेरिकेची गोष्ट आहे असं समजायचं कारण नाही. आयपीएलही अमेरिकी लीगच्याच साच्यातून निघालेली आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले तेव्हा कागदावर सामन्यांची संख्या ७४ वरून ८४ आणि पुढे ९४ पर्यंत नेण्याची सोय होती. २०२५ मध्ये ती ७४ वरच ठेवली गेली, त्याचं श्रेय क्रिकेट बोर्डाला द्यायला हवं. डोक्याच्या बाबतीत मात्र आपण फार शहाणे नाही. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंज्याला इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटीत शिवम दुबेच्या हेल्मेटवर उसळता चेंडू आदळला, आणि त्याच्या जागी नियमानुसार हर्षित राणा आला. त्याने तीन बळी घेतले. मग आठवडाभर वाद झाला तो एका गोष्टीवर: फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या बदल्यात निखळ वेगवान गोलंदाज कसा चालतो? वाद चुकीचा नव्हता. पण दुबेचं डोकं कसं आहे हे त्या गदारोळात विचारणारे फार थोडे होते.

एनएफएलचा सध्याचा करार २०३० च्या मोसमापर्यंतचा आहे. अठराव्या सामन्यासाठी मालकांना खेळाडूंची संमती लागणार, म्हणून संघटनेकडे मागायला काहीतरी आहे. मागावं असं बरंच आहे. निवृत्तिवेतनाचा हक्क पहिल्या मोसमापासून. जखमी झाल्यावर पगार कापणारी अट कायमची रद्द. निवृत्तीनंतरचा आरोग्यविमा आज हक्कदार खेळाडूंनाही पाचच वर्षं मिळतो, आणि सीटीईची लक्षणं बहुधा त्याच्या पुष्कळ नंतर दिसू लागतात. तो विमा आयुष्यभराचा हवा. गुरुवारच्या सामन्याआधी किमान एक आठवडा सुट्टी. यातलं काहीही अठराव्या सामन्याच्या मोबदल्यात मागू नये, असं मला वाटतं. हे आधीच्या सतरांचंच देणं आहे.

आणि तरीही मालक अडून बसले, तर संघटनेने २०१९ मध्ये चर्चेत येऊन हसण्यावारी गेलेली एक कल्पना टेबलावर परत ठेवावी: मोसम खुशाल अठरा सामन्यांचा करा, पण कोणत्याही एका खेळाडूला सोळापेक्षा जास्त सामने खेळवायचे नाहीत. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणाऱ्या फेकीवाल्याला दर चार-पाच दिवसांनीच चेंडू देतात आणि मैदानं रिकामी पडत नाहीत. आजच्या त्रेपन्न जणांच्या संघात चौपन्नावा, पंचावन्नावा खेळाडू घ्यावा लागेल. ज्या पोरांची सरावाच्या सामन्यांतली संधी जाणार आहे त्यांना ती खऱ्या सामन्यात मिळेल. मालकांचं म्हणणं खरं असेल, लोकांना फक्त जास्त फुटबॉल हवा असेल, तर याला त्यांची हरकत नसावी. पण ते नकार देतील, कारण मग टीव्ही कंपन्यांचा पहिला प्रश्न असेल की माहोम्स नेमके कोणते दोन रविवार बसणार, आणि त्या दोन रविवारांचा भाव किती कमी करणार.